परसबागेचे दप्तर

ज्या वस्तूस आपण किंमत देतो तिची नोंद ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. वाण्याच्या दुकानी उधारीची वही असते, दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर असतो, शाळेत हजेरीपट असतो, आणि शेतात काय पेरले आहे याची नोंद सरकारदप्तरी असते. सातबाराच्या उताऱ्यातील गाव नमुना बारा हा पिकांचाच होय. पूर्वी ही पीकपाहणी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलवर आपले पीक नोंदवू लागला. परंतु घराच्या मागे जी चार झाडे आपण लावतो, ज्यांची भाजी आठवड्यातून दोनदा आपल्या ताटात पडते आणि ज्यांची फुले रोज देवास वाहिली जातात, त्यांची नोंद कोण ठेवतो? परसबागेस तलाठी नाही. त्या जागेवर घरातील कोणा मुलाची अथवा मुलीची नेमणूक व्हावी, अशी शिफारस करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो.

आमचे घर जळगावचे. परस लहानच आहे. तीस हात लांब व अठरा हात रुंद. एका कोपऱ्यात विहीर, तिच्याजवळ केळीची दोन बेटे, भिंतीकडेने शेवगा, कागदी लिंबू व कढीलिंब, मध्ये सहा वाफे आणि कुंपणावर वेल, एवढाच त्याचा विस्तार. ही बाग सांगण्याजोगी नाही. परंतु तिची वही सांगण्याजोगी आहे. व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी लांबट, लाल कापडाच्या बांधणीची ही वही आमच्या वडिलांनी सुरू केली. आज तिचे चौथे पुस्तक चालू आहे.

तिचा आरंभ मात्र आनंदाच्या प्रसंगी झालेला नाही. आमच्या वडिलांच्या आत्याबाई आमच्याच घरी राहत असत. त्यांस अक्षरओळख नव्हती. दरसाल उत्तम फळ वेलीवरच पिकू द्यावे, त्याचे बी काढून सावलीत वाळवावे, राखेत घोळून जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधावे आणि ती पुरचुंडी चुलीवरच्या आढ्यास टांगावी, असा त्यांचा क्रम असे. कोणत्या पुरचुंडीत काय आहे हे त्या चिंधीच्या रंगावरून व गाठीच्या ढबीवरून ओळखीत. आम्ही दुसऱ्या इयत्तेत असताना वैशाखात त्या निवर्तल्या. पुढे मृग निघाला, पेरणीची वेळ आली, आणि आढ्यावरून अकरा पुरचुंड्या खाली काढण्यात आल्या.

त्या सोडल्यावर घरातील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. वाल, गिलके, भोपळा यांचे बी पाहताच ओळखू आले. परंतु सहा पुरचुंड्यांतील बी बारीक, चपटे, पिवळसर व एकमेकांसारखे होते. ते वांग्याचे की मिरचीचे, वांग्याचे असल्यास भरताचे की रोजच्या भाजीचे, हे सांगणारे माणूस उरले नव्हते. तेव्हा वडिलांनी एक कोरी वही आणली, पहिल्या पानावर एक ते अकरा आकडे घातले, प्रत्येकासमोर नावापुरती जागा मोकळी सोडली, आणि त्याच क्रमाने बी पेरून वाफ्यांत खुंट्या रोवल्या. जसजशी झाडे आपली ओळख देऊ लागली तसतशी नावे भरली गेली. अकरांपैकी चार पुरचुंड्यांतील बी उगवलेच नाही. त्या चार आकड्यांपुढील जागा अद्याप कोरी आहे. सातव्या पुरचुंडीतून रुंद शेंगेचा, जांभळ्या फुलांचा एक वाल निघाला. तसा वाल आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. आत्याबाई त्यास काय म्हणत व त्यांनी तो कोणाकडून आणला, हे कोणासही सांगता आले नाही. वहीत त्याचे नाव आजही ‘क्रमांक सात’ असेच आहे.

या प्रसंगाचा आम्ही पुष्कळ वेळा विचार केला आहे, आणि त्यातून एकच गोष्ट आमच्या मनात ठसली आहे. ज्यांस ठाऊक असते त्यांस बहुधा लिहिता येत नाही अथवा लिहिण्यास सवड नसते; आणि ज्यांस लिहिता येते त्यांस ठाऊक नसते. आजी व नात एकाच घरात राहतात. आजीजवळ ज्ञान आहे, नातीजवळ लेखणी आहे. या दोघींची गाठ पडली तर घरात एक ग्रंथ निर्माण होतो. न पडली तर आजीबरोबर तिचे ज्ञानही जाते आणि नातीच्या लेखणीस लिहिण्याजोगे काही उरत नाही.

हे बोल आम्ही हवेत काढीत नाही. जळगावाशेजारच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर काम करताना त्या गाणी रचीत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि घरातील मंडळी यांनी त्यांपैकी काही वेळीच कागदावर उतरून घेतली, म्हणून १९५१ साली बहिणाबाई वारल्यावर पुढील वर्षी ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. जी उतरून घेतली गेली नाहीत ती शेताच्या वाऱ्याबरोबर गेली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे याही शाळेत गेलेल्या नाहीत. तरी गावरान वाणांचे बी सांभाळून त्यांनी आपल्या घरी बियाण्यांची पेढी उभी केली, आणि २०२० साली त्यांस पद्मश्री हा बहुमान जाहीर झाला. अक्षरे न शिकलेल्या अशा स्त्रियांजवळ केवढी विद्या असते, हे यावरून शिकलेल्यांनी ओळखावे.

आता कोणी म्हणेल की, बी व गाणी यांची गोष्ट ठीक आहे. परंतु लिंबास पाणी किती घागरी घातले हे लिहून काय लाभ? याचे उत्तर आम्हांस १९७२ सालच्या दुष्काळाने दिले. त्या वर्षी महाराष्ट्रभर पाऊस चुकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी बाजूस काढल्यावर बागेच्या वाट्यास रोजच्या अवघ्या चार घागरी येत. कोणते झाड राखावे व कोणते सोडावे, यावरून घरात वाद सुरू झाला. आई म्हणे, पपई फळावर आहे, ती वाचवावी. आजोबा म्हणत, केळ हे घराचे मंगल आहे, तिला कसे मारावे? वडिलांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि वही उघडली.

वहीत एका मागील वर्षाची नोंद होती. त्या वर्षी विहिरीचे बांधकाम चालू असल्याने लिंबास ऐन वैशाखात कित्येक दिवस पाणी मिळाले नव्हते. त्याची पाने गळाली, परंतु मृगाच्या पावसानंतर ते नव्याने पालवले आणि त्यास भरपूर बहर आला. शेवगा छाटून टाकला तरी पहिल्या पावसाबरोबर फुटतो, हेही तारखांनिशी लिहिले होते. केळ व पपई यांच्या रकान्यात मात्र घागरींचे आकडे सर्वांत मोठे होते. तेव्हा असे ठरले की, शेवगा छाटावा, लिंबाच्या आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर घालून त्यास आठवड्यास एकच घागर द्यावी, केळ व पपई सोडून द्यावीत, आणि रोजच्या पाण्यातील पहिला तांब्या क्रमांक सातच्या वालास घालावा. साठवलेल्या त्याच्या बियांस त्या साली भुंगा लागला होता, आणि कुंपणावरचा एकच वेल जिवंत होता. केळीचा कंद बाजारात पुन्हा मिळाला असता. हा वाल कोठेही मिळाला नसता. आईने पपईची कच्ची फळे उतरवून त्यांची भाजी केली, आणि त्या दिवशी ती फारसे कोणाशी बोलली नाही. पावसाळ्यात लिंबू पालवले, आणि वेलाने धरलेल्या सहा शेंगांचे बी नव्या पुरचुंडीत गेले. आज तो वाल आमच्या व आमच्या दोन बहिणींच्या घरी आहे.

वहीचा दुसरा उपयोग असा की, ती आपल्या स्मरणशक्तीचा गर्व उतरविते. आमच्या घरी दर उन्हाळ्यात कोणीतरी म्हणतेच की, पूर्वी मोगरा होळीलाच फुलत असे, हल्ली ऋतूच बिघडले. वहीची पाने उलटावीत तो एका वर्षी मोगऱ्याचे पहिले फूल फाल्गुनात, दुसऱ्या वर्षी चैत्र संपता संपता, असे दिसते. पाच-दहा वर्षांवरून निकाल देता येत नाही. परंतु पाच-दहांची पन्नास झाली म्हणजे त्याच नोंदींस निराळे मोल येते. इंग्लंडात नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचे एक गृहस्थ होते. ओकच्या झाडास पहिले पान केव्हा फुटले, पहिले फूल कोणते उमलले, अशा वसंताच्या सत्तावीस खुणांच्या तारखा ते १७३६ सालापासून लिहून ठेवू लागले. त्यांच्यामागे त्यांच्या वंशजांनी हे काम चालविले आणि ते १९५८ पर्यंत चालले. उष्णता वाढली असता झाडांची पालवी किती लवकर येते हे ताडून पाहण्यासाठी आधुनिक शास्त्रज्ञांनी याच घरगुती नोंदींचा आधार घेतला. आरंभ करणाऱ्या मार्शम यांस याची कल्पनाही नसेल. त्यांनी केवळ खरे लिहिले, आणि त्यांच्या नातवंडांनी ते टाकून दिले नाही.

टाकून न देण्याचा हा धडा खानदेशात धुळ्यासारखा दुसरे कोणते शहर देईल? आम्ही शिक्षणासाठी धुळ्यास होतो तेव्हा राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू प्रथम पाहिली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घरांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे मिळविली, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यासच वारले. १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे हे मंडळ स्थापन झाले. त्याच शहरी शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाची हस्तलिखित बाडे जतन केलेली आहेत. त्या कागदांत मोठमोठ्या मोहिमा आहेत, तसे घरगुती खर्चाचे हिशेबही आहेत. आणि लोक तेव्हा काय खात, काय पेरीत, कशास किती दाम देत, हे इतिहासकारास बहुधा या हिशेबांवरूनच कळते. आज क्षुल्लक वाटणारी वही शंभर वर्षांनी साधन होते. अट एवढीच की ती शिल्लक राहिली पाहिजे.

ती शिल्लक राहण्यासाठी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. विल्यम कॅरी यांचे नाव आमच्या वाचकांस परिचित असेल. मराठीचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली छापणारे हे मिशनरी झाडांचेही मोठे भोक्ते होते. श्रीरामपूर येथे त्यांनी नामांकित बाग केली होती. कलकत्त्याच्या सरकारी उद्यानातील वनस्पतींची रॉक्सबर्ग यांनी केलेली सूची १८१४ साली कॅरी यांनीच छापून प्रसिद्ध केली, आणि रॉक्सबर्ग यांनी त्यांच्या सन्मानार्थ एका वृक्षजातीस कॅरिया हे नाव दिले. आपल्या डोंगरांतील कुंभा हा त्याच जातीचा. या गृहस्थांवर दोन आपत्ती आल्या. मार्च १८१२ मध्ये छापखान्यास आग लागून कित्येक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली, आणि १८२३ साली दामोदर नदीच्या पुराने बाग उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा त्यांनी काम पुन्हा आरंभिले. त्यांचे धैर्य तर घ्यावेच. परंतु त्याबरोबर हेही घ्यावे की, आगीपासून वही व पुरापासून बाग कोणासही सर्वस्वी राखता येत नाही. म्हणून वहीची एक प्रत दुसऱ्या घरी असावी, आणि बियांची एक मूठ शेजाऱ्यास दिलेली असावी. हल्ली पानांची छायाचित्रे मोबाईलवर काढून आप्तांकडे धाडणे सोपे झाले आहे. मात्र नुसत्या फुलाचे छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. त्याखाली नाव, जागा व तारीख नसेल तर तेही आत्याबाईंच्या पुरचुंडीसारखेच मुके राहते.

नावांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आम्ही ज्यास गिलके म्हणतो त्यास पुण्याकडे घोसाळे म्हणतात. डांगर म्हटले असता देशावर भोपळा समजतात, तर खानदेशात कित्येक घरी खरबूज पुढे ठेवतील. म्हणून वहीत घरातले नाव प्रथम लिहावे, इतर गावचे नाव त्याखाली लिहावे, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शास्त्रीय नावही शोधून जोडावे. घरातले नाव गावंढळ समजून गाळू नये. नाव गेले म्हणजे त्याबरोबर अर्धी माहिती जाते. धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील वनस्पतींचा ग्रंथ २००३ साली, आणि जळगाव जिल्ह्याचा २००८ साली प्रसिद्ध झाला आहे. असे ग्रंथ विद्वान लोक करतात. परंतु कोणत्या घरी कोणता वाल कोणाच्या माहेराहून आला, हे कोणताही विद्वान लिहू शकणार नाही. ते त्या घरानेच लिहिले पाहिजे. जळगावच्या भरीत वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन देताना तो जिन्नस त्याच भूमीचा आहे याचा पुरावा मागितला जातो. वांगे चवीस कितीही उत्तम असले तरी चव ही कागदावर साक्ष देत नाही.

आता वही कशी ठेवावी ते सांगतो. प्रथम परसाचा नकाशा काढावा व वाफ्यांस क्रमांक द्यावेत. पांझरेच्या काठी जुन्या बंधाऱ्यांखाली जी फडाची शेती चालत आली तीत एका फडात एका हंगामास एकच पीक घेत आणि पुढे ते बदलीत. तोच नियम आपल्या वाफ्यास लावावा. वांगी, मिरची व टोमॅटो ही एकाच कुळातील असून त्यांचे रोग पुष्कळ अंशी सारखेच असतात. ती लागोपाठ एकाच वाफ्यात येऊ नयेत म्हणून मागील वर्षीचा नकाशा जवळ लागतो. त्यानंतर प्रत्येक झाडास एक पान द्यावे. त्यावर लावल्याची तारीख व नक्षत्र, बी अथवा रोप कोणाकडून आले, उगवण, पहिले फूल, पहिले फळ, पाणी, कीड, आणि शेवटी बी कोणते राखले व कोणास दिले, एवढे रकाने असावेत. मेलेल्या झाडांचाही रकाना असावा. आमच्या वहीत तो सर्वांत लांब आहे, आणि सर्वांत अधिक शिकविणाराही तोच आहे. शिसपेनीने लिहावे, कारण ओल लागली असता शाई पसरते. खुंटीवर कागद डकवू नये. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने क्रमांक कोरावा. आठवड्यातून एकदा पाव तास पुरे. रोज लिहीन अशी प्रतिज्ञा करणाऱ्यांच्या वह्या आषाढी एकादशीपर्यंतही टिकत नाहीत, असे आम्ही पुष्कळ घरी पाहिले आहे.

पालकांस आमची विनंती अशी की, हे काम मुलांकडे सोपवावे आणि त्यांच्या हस्ताक्षरास हसू नये. शुद्धलेखन पुढे सुधारता येईल. चुकलेला हंगाम परत येत नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी उत्तम मुहूर्त आखाजीचा आहे. त्या सणास सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडास झोके बांधले जातात, घरात आजी, आत्या, मावशी, काकू सर्व एकत्र असतात, आणि दुपारची कामे आटोपल्यावर त्यांस बोलण्याची हौसही असते. त्या वेळी कोरी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आढ्यावर, डब्यांत, फळीवर जे बी असेल ते समोर आणावे आणि एकेक पुरचुंडी सोडून तीन प्रश्न विचारावेत: याचे नाव काय, हे आले कोठून, आणि याचे फळ तुम्ही बियांसाठी कोणत्या दिवसांत राखता? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. आखाजीनंतर मृग निघण्यास महिनाभर तरी अवकाश असतो. तेवढ्या वेळात नकाशा काढून होईल, खुंट्याही तयार होतील. वही कोणतीही चालेल. पहिल्या पानावर आजीचे नाव घालावे, त्याखाली आपले, आणि लिहिण्यास आरंभ करावा.